व्हॉल्व्ह अँप्लिफायरच्या पोटातली तार : नीटनेटक्या वायरिंगच्या प्रश्नाचा आढावा

घरी बांधलेला व्हॉल्व्ह अँप्लिफायर उलटा करून पाहिला की बांधणाऱ्याची शाळा लगेच कळते. एखाद्या चॅसीत तारा काटकोनात वळलेल्या, मेणाच्या दोऱ्याने गुंफलेल्या, रेझिस्टर एका रांगेत बसलेले आणि त्यांचे रंगपट्टे एकाच दिशेने वाचता येतील असे. दुसऱ्या एखाद्या चॅसीत रेझिस्टर आणि कंडेन्सर एका बेसच्या पिनेवरून थेट दुसऱ्या पिनेवर गेलेले, तिरके, एकमेकांवरून उड्या मारत. दोन्हींत पीसीबी (छापील सर्किटचा बोर्ड) नाही, दोन्ही हाताने डाख देऊन जुळवलेले, आणि दोन्ही बांधणारे आपल्या कामाला ‘पॉइंट टू पॉइंट’ वायरिंगच म्हणतात. नीटनेटकेपणाने गुणगुण कमी होते का, आवाज सुधारतो का, यंत्र जास्त टिकते का, की त्याने फक्त डोळा सुखावतो, यावर हौशी मंडळींत जुनी चर्चा चालू आहे. ती आज कुठवर आली आहे ते पाहू.

नाशिकला हा प्रश्न परका नाही. तारा बांधण्याच्या कलेच्या तीन परंपरा या एका जिल्ह्यात नांदतात. नाशिकरोडच्या ग्यान बागेत, एकेकाळी सभांना ध्वनिवर्धक पुरवणाऱ्या मोटवाने घराण्याचा मोजमाप-उपकरणांचा कारखाना आहे. ओझरला १९६४पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत स्विचगिअर आणि कंट्रोल पॅनेल बनतात. ध्वनिवर्धक, विमान आणि विजेचे पॅनेल या तिन्हींनी तार कशी बांधावी याची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत, आणि हौशी अँप्लिफायर बांधणाऱ्यांमधले मतभेद बरेचसे या उत्तरांतूनच आले आहेत.

मागचा प्रवास

मोटवाने घराण्याची गोष्ट सिंधमधल्या सक्करला, १९०९मध्ये ग्यानचंद मोटवाने यांनी सुरू केलेल्या छोट्या व्यवसायापासून सुरू होते. पुढे धंदा कराचीमार्गे मुंबईत आला आणि ‘शिकागो रेडिओ’ हे नाव देशभर पोचले. ग्यानचंद यांचे पुत्र नानिक मोटवाने यांनी काँग्रेसच्या अधिवेशनांना आणि गांधीजींच्या सभांना ध्वनिवर्धक पुरवले. १९४२च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहता यांच्यासोबत नानिक मोटवाने यांच्यावरही आरोप ठेवला गेला. न्यायालयाने मोटवाने यांना निर्दोष सोडले. त्या काळातले सभांचे अँप्लिफायर आतून कसे असणार हे सांगायला फार तर्क लागत नाही, कारण छापील सर्किट तेव्हा बाजारात आलेलेच नव्हते. पत्र्याची चॅसी, तिच्यात ठोकलेले बेस, बेसशेजारी स्क्रूने आवळलेल्या टॅग स्ट्रिप आणि त्यांवर हाताने लावलेले भाग, हीच तेव्हाची एकमेव रीत होती. यंत्र आज या गावच्या मैदानात, उद्या पुढच्या गावात. खडखडत जाणाऱ्या गाडीत जोड सुटू नये ही पहिली अट होती. दिसण्याचा विचार नंतरचा.

दोऱ्याने तारांची जुडी बांधायची पद्धत टेलिफोन एक्सचेंजमधून आली. हजारो तारा एका चौकटीत राहायच्या आणि वीस वर्षांनी दुसऱ्या माणसाला त्या ओळखता यायच्या, तर शिस्त हवीच. लष्करी रेडिओ आणि विमानांनी ती उचलली आणि अधिक कडक केली. ओझरला मिग बनू लागली तेव्हा या परंपरेतली वायरिंगची शिस्त नाशिकच्या कामगारांच्या हाती आली.

पीसीबीची कल्पना पॉल आइस्लर यांनी लंडनमध्ये युद्धकाळात पेटंटपर्यंत नेली. युद्धानंतर अमेरिकन रेडिओ-टीव्ही उद्योगाने ती स्वीकारली. १९५९मध्ये आलेल्या डायनाको स्टीरिओ ७० या अँप्लिफायरच्या किटमध्ये महत्त्वाचा भाग तयार बोर्डावरच येत असे, म्हणून नवख्या माणसालाही ते बांधता येई. उलट झेनिथ कंपनी आपल्या टीव्हीत छापील सर्किट नाही, सगळे हाताने जोडलेले आहे, अशी जाहिरात करीत असे. इथे हाताचे वायरिंग गुणवत्तेची खूण म्हणून विकले गेले. आजच्या चर्चेतला भावनिक भाग तिथून आला आहे, आणि तो ओळखून बाजूला ठेवल्याशिवाय तांत्रिक भाग नीट दिसत नाही.

आपल्याकडे ठाण्याची मर्फी आणि पुण्याची फिलिप्स यांच्या व्हॉल्व्ह रेडिओंवर दुरुस्तीवाल्यांची एक पिढी घडली. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने फिलिप्सच्या साहाय्याने व्हॉल्व्ह बनवले. त्यांतले ईएल८४ आणि ईसीसी८३ आजही जुन्या मालात सापडतात आणि हौशी लोक ते जपून वापरतात. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा अभ्यासक्रम होता. ट्रान्झिस्टर आल्यावर हे सगळे मागे पडले. आज नव्याने बांधायला घेणारा माणूस मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग आणतो, स्लोव्हाकिया, रशिया किंवा चीनमध्ये बनलेले व्हॉल्व्ह मागवतो आणि वायरिंगची रीत मात्र स्वतःच शोधत बसतो.

पहिली भूमिका : शिस्तीची तार

या बाजूचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे ब्रिटनचे हायवॉट गिटार अँप्लिफायर. १९७०च्या दशकात त्यांचे वायरिंग हॅरी जॉइस यांच्याकडे होते. जॉइस यांच्या हाताला लष्करी कामाची सवय होती. त्या अँप्लिफायरच्या आत प्रत्येक तार चॅसीला समांतर, प्रत्येक वळण काटकोनात, जुड्या सरळ. जगभरातले हौशी लोक आजही ते फोटो समोर ठेवून काम करतात. टेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या ऑसिलोस्कोपमध्ये याहून वेगळी पण तितकीच देखणी रीत होती : चिनीमातीच्या पट्ट्या, त्यांच्या खाचांत चांदीचा मुलामा आणि प्रत्येक भाग शिडीच्या पायरीसारखा आडवा बसवलेला. त्या खाचांना चांदीचा अंश असलेलाच सोल्डर लागे, म्हणून कारखाना त्याची छोटी गुंडाळी यंत्रातच ठेवून देई.

या बाजूचे म्हणणे भक्कम आहे. नीट मांडलेल्या यंत्रात चूक शोधता येते. रेझिस्टरची किंमत तो न हलवता वाचता येते. एकाच नकाशावर बांधलेली दोन यंत्रे सारखी वागतात. सुटी तार कंपनाने हलत नाही, गरम व्हॉल्व्हला टेकत नाही. आणि एचटीची (उच्च दाबाची) तार कुठून जाते हे पाहताक्षणी कळते. तीनशे-चारशे व्होल्टच्या यंत्रात दुरुस्ती करणाऱ्याचा हात वाचवणारी ही गोष्ट आहे, आणि माझ्या मते शिस्तीच्या बाजूने मांडलेला हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे.

सातपूर-अंबडच्या पॅनेलवर हात बसलेला माणूस अँप्लिफायरकडे वळला की त्याला हीच शाळा जवळची वाटते. फेरूल लावणे, तार मापात कापणे, चॅनेलमधून नेणे, सगळे अंगवळणी पडलेले. अकराशे व्होल्ट ग्रेडची पीव्हीसी तार त्याच्या हाताशी असते आणि एचटीसाठी तिचे इन्सुलेशन पुरेसे असते. अडचण पुढे येते. पॅनेलमधली तार पन्नास हर्ट्झवर चालते, तिच्या दोन्ही टोकांना रिले, स्विच, कॉन्टॅक्टर असतात. ती शेजारच्या तारेला चिकटून दोन मीटर गेली तरी कोणाचे काही बिघडत नाही. अँप्लिफायरच्या पहिल्या ग्रिडची तार तशी नसते.

दुसरी भूमिका : जवळची वाट

दुसऱ्या बाजूचा आधार भौतिकशास्त्राचा आहे. ईसीसी८३ या व्हॉल्व्हच्या एका अर्ध्या भागात ग्रिड आणि प्लेट यांच्यामध्ये सुमारे १.६ पिकोफॅरॅडची धारिता असते. हा टप्पा साठ पट वर्धन करीत असेल तर ग्रिडला ती धारिता एकसष्ट पट होऊन भासते. ग्रिड-कॅथोडमधली थोडी मिळवली की बेरीज शंभर पिकोफॅरॅडच्या आसपास जाते. आधीच्या टप्प्याचा रोध १०० किलोओहम धरला, तर वरच्या पट्टीतली घसरण १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरू होते. आता ग्रिडची आणि प्लेटची तार एकाच जुडीत बांधून बाहेरून अवघा एक पिकोफॅरॅड वाढवला, की हीच सीमा १० किलोहर्ट्झपर्यंत खाली येते. दोन तारा काही सेंटिमीटर एकमेकींना लागून गेल्या तरी एवढी धारिता सहज तयार होते. म्हणजे देखण्या जुडीने झांजेचा आणि तंबोऱ्याच्या जव्हारीचा वरचा भाग खरोखरच मंद होऊ शकतो. तारा जर एका टप्प्याच्या ग्रिडच्या आणि पुढच्या टप्प्याच्या प्लेटच्या असतील, तर परिणाम उलट्या दिशेचा होतो : आउटपुट इनपुटला मदत करू लागते आणि यंत्र शिट्टी मारते, किंवा कानाला न ऐकू येणाऱ्या वारंवारतेवर दोलन करीत आउटपुट व्हॉल्व्ह तापवत बसते.

म्हणून या शाळेचे लोक ग्रिडचा रेझिस्टर बेसच्या पिनेवरच बसवतात, भाग जिथे जायचा तिथे सरळ नेतात, आणि ग्रिड व प्लेट यांच्या तारा एकमेकींना ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडतात. जपानमधल्या हौशी परंपरेत हे बारकाईने पाळले जाते. दिसायला अशी चॅसी अस्ताव्यस्त वाटली तरी तिच्यात एक सुसंगती असते. सिग्नल डावीकडून उजवीकडे जातो, आणि प्रत्येक टप्प्याचे भाग त्याच टप्प्याच्या बेसभोवती राहतात.

दुरुस्ती हा या बाजूचा दुबळा भाग. तळाचा कंडेन्सर बदलायचा तर वरचे चार भाग सोडवावे लागतात, आणि बांधणारा माणूस जवळ नसेल तर दुसऱ्याला ते जाळे उलगडत बसावे लागते. शिवाय ‘जवळची वाट’ या नावाखाली निव्वळ घाईही खपून जाते. पायाला आधार नसलेला, हवेत लोंबणारा कंडेन्सर विद्युतदृष्ट्या बरोबर जागी असला तरी एका धक्क्यात शेजारच्या टॅगला टेकतो.

दोन्ही बाजूंचे एकमत

वाद तापलेला दिसला तरी हीटर आणि अर्थ या दोन बाबतींत फारसा मतभेद उरलेला नाही, आणि घरगुती अँप्लिफायरमधली बहुतेक गुणगुण इथेच जन्म घेते.

मुलार्डचा ५-१० हा १९५०च्या दशकातला नकाशा घ्या. पाच व्हॉल्व्ह, दहा वॉट : एक ईएफ८६, एक ईसीसी८३, दोन ईएल८४ आणि एक रेक्टिफायर. सिग्नलचे चारच व्हॉल्व्ह धरले तरी ६.३ व्होल्टवर सुमारे दोन अँपिअरचा एसी प्रवाह साऱ्या चॅसीभर फिरतो. त्याच्या दोन तारा घट्ट पिळून, चॅसीच्या कोपऱ्यात दाबून नेल्या की त्यांची चुंबकीय क्षेत्रे बरीचशी एकमेकांना खोडतात. हीटर वाइंडिंगचा मधला टॅप, किंवा तो नसेल तर शंभर ओहमचे दोन रेझिस्टर, अर्थला जोडले की उरलेलाही बराच भाग जातो. हीटर सर्वांत आधी घालावेत, बाकी सर्व त्यांच्यावर, हा क्रम दोन्ही शाळांना मान्य आहे.

अर्थच्या बाबतीत तत्त्व एकच. रेक्टिफायरनंतरचा पहिला कंडेन्सर झटक्यांनी भरतो, आणि त्या झटक्यांच्या प्रवाहाने इनपुटच्या अर्थच्या तारेतून जाता कामा नये. कोणी सगळे अर्थ एका बिंदूवर आणतो, कोणी जाड तांब्याची सळई टप्प्यांच्या क्रमाने नेतो आणि इनपुटच्या टोकाला चॅसीशी जोडतो. दोन्ही चालतात. रोगनिदानही सोपे आहे : पन्नास हर्ट्झची खोल गुणगुण ऐकू आली तर हीटर किंवा ट्रान्सफॉर्मरकडे पाहावे, शंभर हर्ट्झची, काहीशी बोचरी असेल तर एचटीचा फिल्टर आणि अर्थची वाट तपासावी. चॅसी मेन्सच्या अर्थिंगला पक्की जोडलेली हवी यावरही कोणाचे दुमत नाही; जुन्या वाड्यांच्या वायरिंगमध्ये ते अर्थिंग प्रत्यक्षात आहे का, हे आधी पाहून घ्यावे.

मधली वाट : बोर्ड

फेंडरने आयलेट लावलेला फायबर बोर्ड वापरला, मार्शलने टॅग बोर्ड, आणि आजचे हौशी लोक टरेट बोर्ड वापरतात. आपल्याकडे हायलमची शीट कापून, भोके पाडून, पितळी रिव्हेट ठोकून असा बोर्ड घरीच करता येतो. भाग रांगेत राहतात, बेसपर्यंत फक्त तारा जातात. टीकाकार म्हणतात की याने प्रत्येक ग्रिडची तार लांबते. समर्थकांचे उत्तर असे की बोर्ड बेसच्या रांगेला लागून, टप्प्यांच्या क्रमाने ठेवला आणि ग्रिड रेझिस्टर पिनेवरच सोडला, तर नुकसान नगण्य राहते.

बोर्डाच्या बाबतीत हवामानाचा मुद्दा पश्चिमेकडच्या लेखनात कमी आणि आपल्याकडे मोठा आहे. फेंडरच्या जुन्या फायबर बोर्डांनी ओलावा शोषून हलका प्रवाह वाहू दिल्याच्या तक्रारी तिकडच्या दुरुस्तीवाल्यांना परिचित आहेत. मेगाओहमच्या ग्रिडला शेजारच्या तीनशे व्होल्टकडून किंचित गळती झाली तरी बायस सरकतो आणि आवाजात खरखर येते. श्रावणातल्या इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या हवेत, किंवा गोदाकाठच्या जुन्या घरात, हा धोका किती वाढतो हे उघड आहे. डाख दिल्यावर उरलेली राळ स्पिरिटने पुसणे, बोर्ड चॅसीपासून उंच ठेवणे आणि शक्य तिथे चिनीमातीचे बेस वापरणे, हे उपाय स्वस्त आहेत. या कसोटीवर हवेत पिनेपासून पिनेपर्यंत जाणारे वायरिंग बोर्डापेक्षा सरस ठरते, कारण हवेतून गळती होत नाही.

पीसीबीचे समर्थकही आहेत आणि त्यांचे ऐकले पाहिजे. धारिता दर नगात तीच, अर्थची वाट एकदा नीट आखली की कायमची नीट. अडचण उष्णतेची. बेस बोर्डावरच बसवला तर आउटपुट व्हॉल्व्हच्या तापाने आणि व्हॉल्व्ह काढण्या-घालण्याने ट्रॅक उचलले जातात. बेस चॅसीवर आणि छोटे भाग बोर्डावर, हा तोडगा आता बऱ्यापैकी मान्य झाला आहे.

जोड कसा द्यावा

हा वाद छोटा आहे. एक मत असे की भागाचा पाय टॅगला अर्धा ते पाऊण वळसा घालून आधी यांत्रिक पकड द्यावी, मग सोल्डर. लष्करी आणि विमानकामाचे वळण हेच. दुसरे मत दुरुस्तीवाल्यांचे : पूर्ण वळसा घातला तर पुढच्या माणसाला टॅग मोडल्याशिवाय भाग निघत नाही, म्हणून नुसता आकडा अडकवावा. दोन्ही बाजू ६३-३७चा सोल्डर पसंत करतात, कारण तो १८३ अंशांवर एकदम वितळतो आणि एकदम गोठतो, मधल्या लगद्याच्या अवस्थेत जोड हलायला वाव देत नाही. तारेबाबत टेफ्लॉनकडे कल वाढला आहे. सोल्डरिंग आयर्नचा स्पर्श झाला तरी तिचे इन्सुलेशन मागे सरकत नाही, पीव्हीसीचे सरकते.

काय सुटलेले नाही

सर्वांत मोठा उघडा प्रश्न ऐकू येण्याचा आहे. गुणगुण, वरच्या पट्टीची सीमा, दोलन हे सगळे मोजता येते आणि त्यावर वायरिंगच्या मांडणीचा परिणाम निर्विवाद आहे. पण दोन मांडण्यांची मापे सारखी आली, तरीही हाताच्या वायरिंगचा आवाज ‘मोकळा’ लागतो, असे सांगणारे अनुभवी लोक आहेत. त्यांना खोटे ठरवणे सोपे नाही आणि खरे ठरवणेही नाही. दोन वेगळी यंत्रे तुलनेला ठेवली की व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर सगळेच वेगळे असते. खरी चाचणी म्हणजे तेच यंत्र, तेच भाग, फक्त तारांची मांडणी बदललेली, आणि ऐकणाऱ्याला कोणती मांडणी चालू आहे हे माहीत नसलेले. त्यासाठी एक माणूस एकच अँप्लिफायर दोनदा बांधायला तयार हवा. निदान वायरिंग बदलण्याआधीची आणि नंतरची गुणगुण मिलिव्होल्टमध्ये नोंदवणे आणि दहा किलोहर्ट्झच्या चौरस लहरीचा फोटो ठेवणे हे प्रत्येकाच्या आवाक्यात आहे. तेवढे झाले तरी बोलणे पुढे सरकेल.

दुसरा प्रश्न टिकण्याचा. शिस्तीच्या जुड्या, हवेतले जोड आणि हायलमचे बोर्ड यांपैकी आपल्या पावसाळ्यात पंचवीस वर्षे कोण काढतो, याचे उत्तर जुन्या सभांच्या आणि मंडपांच्या अँप्लिफायरमध्ये दडलेले आहे. असे अँप्लिफायर अजून महाराष्ट्रात माळ्यांवर आणि दुकानांच्या मागच्या खोल्यांत पडून आहेत. ते भंगारात जाण्याआधी कोणी उघडून, फोटो काढून, कोणता जोड कुठे गेला हे नोंदवले तर हाती ठोस काही येईल. नाशिकरोड, ओझर आणि अंबडमध्ये काम केलेल्या माणसांना हे वाचता येते, आणि त्यांच्यातले बरेच आता निवृत्त आहेत.

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा, आणि त्यावर होणारी चर्चा मला अपुरी वाटते. ३२० व्होल्टवर भरलेला ४७ मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. त्याच्यावर २२० किलोओहमचा, दोन वॉटचा ब्लीडर ठेवला तर साधारण मिनिटभरात तो दोन व्होल्टपर्यंत उतरतो. जुन्या नकाशांत हा रेझिस्टर बहुधा नसतो, आणि नकाशाशी प्रामाणिक राहण्याच्या आग्रहाने तो आजही कित्येक जण वगळतात. नकाशाची निष्ठा आणि हाताची सुरक्षा यांत रेषा कुठे ओढायची, यावर शिस्तवाले आणि जवळच्या वाटेचे दोघेही आपापसात विभागलेले आहेत. तूर्त ब्लीडर बसवलेल्या यंत्रातही, हात घालण्यापूर्वी मीटरचे टोक कंडेन्सरवर ठेवून आकडा पाहणे हीच सवय दोन्ही बाजूंचे जाणते लोक शिकवतात.